तोंडी निरोपावरचं औषध

अनुसयाबाईला ताप येतो ही बातमी हिंगणीत पसरवली ती तिच्याच नवऱ्यानं. महादेवराव कापडाचे व्यापारी. घराच्या ओसरीवर दुकान, आणि आठवड्यातून एकदा बैलांच्या रेंगीत गठ्ठे घालून सेलूचा बाजार. माणूस बोलका आणि मनानं मऊ. घरात कोणाला ठेच लागली तरी गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवता दाखवता ते सांगून मोकळे होत. तेव्हा दिवाळीनंतर बायको भर थंडीत घामानं भिजायला लागली, हे गावाला कळायला फार दिवस लागले नाहीत.

तो ताप नव्हता, हे अनुसयाबाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. छातीतून काहीतरी उठायचं, मानेवरून कानशिलापर्यंत चढायचं, तोंड लालबुंद व्हायचं आणि मग पाठीवरून घामाच्या धारा. थोड्या वेळात सगळं शांत, आणि ओल्या चोळीमुळे हुडहुडी. मनाशी ती त्याला भपकारा म्हणायची. दिवसातून आठ-दहा भपकारे येत, रात्री आले की झोप उडे, आणि झोप उडाली की दुसरा दिवस हातातून जाई. जिच्या हातचं मीठ जन्मात चुकलं नव्हतं, ती वरणात दोनदा मीठ घालू लागली. उगाच छाती धडधडे, उगाच रडू येई. सगळ्यात वाईट म्हणजे राग. सून पंचफुला तीन वर्षांपूर्वी आष्टीहून या घरात आली होती. दोन्ही मुली सासरी, मुलगा श्रावण पुलगावच्या गिरणीत कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा, म्हणून सासू-सुनेचाच एकमेकींना आधार. त्या पोरीवर अनुसयाबाई एवढ्या-तेवढ्यावरून तुटून पडायची आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीशेजारी उभी राहून स्वतःलाच बोल लावायची.

आषाढापासून तिचं बाहेर बसणं थांबलं होतं. अठ्ठेचाळिसावं वर्ष चालू होतं, त्यात नवल काही नव्हतं. त्याचा आणि भपकाऱ्यांचा काही संबंध असावा, असं तिला आतून वाटे. पण खात्री कोणाकडून करून घ्यायची? आई नव्हती, सासू नव्हती. शेजारच्या मीराबाईला विचारावं, तर ती आधीच म्हणून गेली होती, की बाहेरचं काहीतरी लागलं आहे, केळझरच्या गणपतीला अभिषेक करून या. महादेवरावांनी लगोलग तोही करवला होता. प्रसादाचे मोदक छान होते. भपकारे तसेच होते.

औषधासाठी मात्र महादेवरावांचा भरवसा एकाच माणसावर. सेलूचे बापूराव डॉक्टर. नागपूरला शिकून आलेले, पंचवीस वर्षं सेलूत. श्रावणला लहानपणी मुदतीचा ताप आला, तेव्हा पावसापाण्यात सायकल हाणत हिंगणीला आले होते आणि तीन दिवस याच ओसरीवर झोपले होते. बाजाराला गेलं, की महादेवराव गठ्ठे उतरवायच्या आधी त्यांच्या दवाखान्यात डोकावत.

"हिले रोज ताप येते," त्यांनी पहिल्या खेपेला सांगितलं. "घाम फुटला का उतरते."

त्या काळी जंगलपट्टीच्या गावात अशा तापाचा एकच अर्थ होता, हिवताप. डॉक्टरांनी कुनैन दिलं. अनुसयाबाईनं ते आठ दिवस तोंड वाकडं करून घेतलं. कानात घंटा वाजू लागल्या, तोंडाची चव गेली, आणि भपकारे एकही कमी झाले नाहीत. पुढच्या बाजाराला महादेवरावांनी सांगितलं, की ताप थोडा कमी असावा, पण झोप नाही. डॉक्टरांनी झोपेचं मिश्रण दिलं, बाटलीला मात्रा मोजायला कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवून. त्यानं झोप आली, पण दिवसा. दूध तापत ठेवून ती चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगली, सगळं दूध उतू जाऊन चूल विझली, आणि धुरानं जागी झाली तेव्हा पंचफुला राखेतून तपेली उचलत होती. तिसऱ्या खेपेला महादेवराव म्हणाले, अशक्तपणा फार आहे. मग लोहाचं टॉनिक आलं. त्यानं पोट साफ होईनासं झालं.

महादेवराव प्रत्येक वेळी मोठ्या आशेनं बाटली घेऊन येत. रेंगीतून उतरताना ती बाटली कापडात गुंडाळून छातीशी धरलेली असे. ते पाहून अनुसयाबाईला नाही म्हणवत नसे. हा माणूस आपल्यासाठी झटतो आहे, हे तिला दिसत होतं. पण जे आपण त्याला सांगितलंच नाही, ते तो डॉक्टरला कुठून सांगणार, हेही तिला कळत होतं. तीस वर्षं एका घरात काढली होती. बाहेर बसण्याचे चार दिवस तो ओसरीवर आणि ती पडवीत, यापलीकडे या गोष्टीवर दोघांत शब्द झालेला नव्हता.

चौथ्या खेपेला डॉक्टरच वैतागले. महादेवरावांना म्हणाले, की मी काही पोस्टात बसलेलो नाही, तोंडी निरोपावर औषध किती दिवस देऊ, वहिनींना घेऊन या. अनुसयाबाईनं कधी म्हैस व्यायला झाली आहे म्हणून, कधी तूर काढायची आहे म्हणून ते टाळलं. पुरुष डॉक्टरपुढे बसून आपण काय बोलणार, या विचारानंच तिला भपकारा येई.

संक्रांत आली. घरी हळदीकुंकू होतं. आळीतल्या पंधरा-वीस बायका माजघरात दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि अनुसयाबाई तिळगुळाचं ताट घेऊन त्यांच्यामधून जात असताना तो आला. ऐन मध्यात. तिला वाटलं, भिंती जवळ सरकल्या आहेत आणि कोणीतरी तोंडावर गरम पाण्याचा हबका मारला आहे. ताट हातातून सुटलं, लाडू बायकांच्या लुगड्यांवर घरंगळले. ती मागच्या दारानं निघून विहिरीपाशी गेली आणि पदर सोडून, डोकं उघडं टाकून वाऱ्यात उभी राहिली.

आत कुजबुज सुरू झाली. मीराबाईनं तर अंगात येण्याची भाषा सुरू केली. तेव्हा पंचफुलानं लाडू वेचता वेचता मोठ्यानं सांगितलं, की आत्याबाईंचं सकाळपासून डोकं दुखत होतं, मीच त्यांना आराम करू दिला नाही, चूक माझी. मग तिनं स्वतः सगळ्यांना हळदकुंकू लावलं, वाण दिलं आणि हसतमुखानं वाटेला लावलं.

संध्याकाळी अनुसयाबाई गोठ्यात होती. पंचफुला तिथं आली आणि वैरणीच्या पेंढीवर बसली.

"आत्याबाई, तुमचं बाहेर बसनं बंद झालं ना वो?" तिनं विचारलं. "मी कवापासून पाह्यत हावो. इचारू कसं, म्हनून गप राह्यली."

अनुसयाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती बोलायला लागली, आणि आषाढापासूनचं सगळं एका दमात बोलून टाकलं. भपकारे, झोप, धडधड, विसरणं. आपल्याला वेड लागत आहे अशी भीती वाटते, तेही. आणि शेवटी तिनं सुनेचा हात धरून सांगितलं, की मी तुला जे टाकून बोलते, ते मी बोलत नाही, कोण बोलतं मला ठाऊक नाही.

"मले मालूम हाय," पंचफुला म्हणाली. "पन आत्याबाई, मामाजीनं यातलं डाक्टरले काय सांगतलं?"

"थे काय सांगतीन? त्याइले मी सांगतलं कुठी?"

"म्हंजे दोन महिने झाले, तुमी कायचं औषध घेऊन राह्यल्या?"

अनुसयाबाई उत्तर द्यायला गेली आणि तिला हसू फुटलं. पंचफुलाही हसायला लागली. म्हशीनं मान वळवून दोघींकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी अनुसयाबाई पोट धरून हसली होती.

पुढच्या बाजाराला रेंगीत गठ्ठ्यांच्या वर दोघी बसल्या. दवाखान्यात शिरल्याबरोबर महादेवरावांनी सवयीनं सुरुवात केली, की हिला गेल्या आठवड्यात काय झालं, तर संक्रांतीच्या दिवशी... डॉक्टरांनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं आणि सांगितलं, की बाजार भरत आला आहे, तुमची जागा जाईल. मग दार लोटून घेतलं. पंचफुला सासूला टेकून बसली.

अनुसयाबाईची नजर जमिनीवर. डॉक्टरांनी वाट पाहिली, दोन प्रश्न विचारले, त्यांना नुसतं हूं-हूं मिळालं. मग पंचावन्न वर्षांचा तो माणूस उठला आणि तिच्याकडे पाठ करून फडताळासमोर उभा राहून खलात काहीतरी घोटू लागला.

"वयनी," तो तसाच म्हणाला, "मले काई सांगू नका. या बाटल्याइले सांगा."

बत्ता फिरत राहिला. मग अनुसयाबाईनं बाटल्यांकडे पाहून बोलायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग सरळ. गोठ्यात सुनेला सांगितलं होतं, त्यापेक्षाही थोडं जास्तच सांगितलं. मध्येच बत्ता थांबला होता, हे तिला कळलंही नाही. तिचं संपल्यावर डॉक्टर वळले. त्यांचा चेहरा ओशाळलेला होता.

"दोन महिने मी तुमच्या घरधन्याच्या बोलन्याले औषध देल्लं," ते म्हणाले. "तुमाले देल्लंच नाई. चूक माही हाय. पह्यल्याच खेपेले मी वय इचाराले पाह्यजे होतं."

मग त्यांनी समजावलं. बाईच्या पोटात अंडाशय असतात, ते एक रस तयार करतात, त्याला हार्मोन म्हणतात. या वयात तो रस आटत जातो. कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही, कोणाला चार-सहा महिने त्रास होतो, आणि कोणाला तुमच्यासारखा जीव नकोसा होतो. हे वेड नाही, बाहेरचं नाही, आणि ताप तर नाहीच नाही.

"मंग मी मरत नाई?" अनुसयाबाईनं विचारलं.

"आताच तं नाई."

त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, छातीला नळी लावली. बंद झाल्यापासून पुन्हा कधी रक्त दिसलं का, छातीत कधी गाठ लागली का, आईला, मावशीला, बहिणीला कोणाला तसला आजार होता का, असं एक एक विचारलं. हे प्रश्न आता तिला अवघड गेले नाहीत. सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिच्यासमोरच वाचत बसले. महादेवरावांच्या मनात डॉक्टर म्हणजे सगळं पाठ असलेला माणूस. अनुसयाबाईला मात्र तो पुस्तकात बोट फिरवताना पाहून जास्त धीर आला.

त्याच रसाच्या गोळ्या मिळतात, ते म्हणाले. नागपूरहून मागवाव्या लागतील. एकवीस दिवस रोज एक घ्यायची, सात दिवस बंद ठेवायची, पुन्हा एकवीस. बंद असताना थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं नाही, पण मला सांगायचं. आणि या काही जन्मभर घ्यायच्या नाहीत, शरीराला सवय झाली की कमी करत बंद करायच्या.

"हे औषध मी आजवर तीनच बायकाइले देल्लं," त्यांनी सांगितलं. "म्हनून काई बरं वाटलं, काई वंगाळ वाटलं, थे मले तुमच्याच तोंडून कळलं पाह्यजे. महादेवरावाले धाडू नका."

पुढच्या बाजाराला गोळ्या आल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी भपकारे निम्म्यावर आले आणि अनुसयाबाई एका रात्रीत सलग पाच तास झोपली. पंचफुलानं दिवस मोजायला पडवीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारायला घेतल्या होत्या. पण पंधराव्या रेघेच्या सुमारास दुसरंच सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर मळमळ. फोडणीचा वास आला की ओकारी. छाती दुखरी. ती चूळ भरायला परसात पळे आणि महादेवराव ओसरीवरून मान लांब करून पाहात.

तीन मुलं झालेल्या घरचा तो पुरुष. त्याला ही लक्षणं ओळखीची होती. चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मुकाट कापड मोजून देत. गावाला आश्चर्य वाटलं. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी खाली मान घालून हलक्या आवाजात विचारलं, "काई... तसं तं नाई ना?"

अनुसयाबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडात धरला.

"या वयात? तुमी बी ना," ती म्हणाली. आणि मग, तीस वर्षांत पहिल्यांदाच, तिनं नवऱ्याला आपल्या शरीरात काय चाललं आहे ते सांगितलं. भाकरी हातात धरून ते ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "येवढं होऊन राह्यलं होतं, आन् मी जाऊन ताप ताप करत होतो?"

"तुमी तं करत होते ना काई तरी," ती म्हणाली.

मळमळ मात्र तिला सोसेना. कोणाला न विचारता तिनं गोळ्या बंद केल्या. आठवडा गेला आणि भपकारे परतले, पहिल्याइतक्याच जोरानं. आता दोन्हीकडून अडकल्यासारखं झालं. तिला वाटलं, आपल्या नशिबी हे औषध नाही. महादेवराव म्हणाले, मी उद्या जातो, डॉक्टरला सांगतो. तिनं मान हलवली.

"तुमी नका सांगू. मीच सांगीन. तुमी फक्त रेंगी जुपा."

या वेळी ती एकटी आत गेली. न सांगता औषध सोडलं म्हणून डॉक्टर रागावतील, याची तिनं मनाची तयारी केली होती. ते रागावले नाहीत. मळमळ किती वाजता होते, गोळी केव्हा घेत होता, जेवणाआधी की नंतर, हे त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, दोष तुमच्या नशिबाचा नाही, गोळीचा आहे, आणि मी मात्राही जास्त दिली. त्याच गुणाची दुसरी गोळी निघाली आहे, ती पोटाला सोसते, मात्राही अगदी थोडी लागते. पण ती सुरू करण्याआधी वर्ध्याच्या लेडी डॉक्टरीणबाईंकडून एकदा आतून तपासून घ्या, माझ्या मनाला स्वस्थता पाहिजे.

वर्ध्याला नवरा-बायको मोटारीनं गेले. डॉक्टरीणबाई झटपट बोलणाऱ्या, हात गार पण हलका. सगळं ठीक आहे, असं त्यांनी बापूरावांच्या नावे चिठ्ठीत लिहून दिलं आणि अनुसयाबाईला तोंडीही सांगितलं. परतीच्या मोटारीत महादेवरावांनी ती चिठ्ठी चार वेळा खिशातून काढून पाहिली. इंग्रजीत होती, त्यांना वाचता येत नव्हती.

नवी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची होती. पहिले आठ दिवस अनुसयाबाई रोज सकाळी मळमळीची वाट पाहात उठायची. ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला एखादाच भपकारा, तोही असा, की हातातलं काम न थांबवता निघून जाई. सात दिवसांच्या सुटीत थोडं रक्त दिसलं. आधी सांगून ठेवलेलं असल्यानं ती घाबरली नाही, पण बाजाराच्या दिवशी जाऊन तेवढं सांगून आली. गुढीपाडव्याला तिनं शंभरावर पुरणपोळ्या लाटल्या, आणि त्यातली पहिली सुनेच्या पानात वाढली.

वैशाखात श्रावणचं पत्र आलं. गिरणीजवळ दोन खोल्या मिळाल्या होत्या, पंचफुलाला न्यायला येतो, असं त्यात होतं. पंचफुला संध्याकाळी म्हणाली, की दिवाळीपर्यंत थांबते, तुमच्यासोबत डॉक्टरकडे कोण येईल, रेघा कोण मारेल?

"कॅलेंडर हाय घरी," अनुसयाबाई म्हणाली. "तुहा संसार तथी हाय, पोरी. मले बरं वाटून राह्यलं, थे तुले इथंच बसवाले नाई." एवढं बोलून ती आत गेली आणि सुनेसाठी लोणच्याची बरणी भरू लागली. बरणी भरता भरता पुष्कळ रडली. पण हे रडू कशाचं, ते तिला नीट ठाऊक होतं, म्हणून त्याची भीती वाटली नाही.

त्यानंतर दर महिन्याला ती गठ्ठ्यांवर बसून सेलूला जात राहिली. दिवाळीला डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली. एकदा तिचा दाब पाहून झाल्यावर ते घुटमळले. म्हणाले, बाहेरच्या खोलीत केळझरची एक बाई बसली आहे. तिसऱ्यांदा आली आहे, नुसती रडते, बोलत काही नाही. नवरा म्हणतो पोटात दुखतं. मला तसं वाटत नाही.

अनुसयाबाईनं दारातून पाहिलं. तिच्याच वयाची बाई. गारठ्यातही पदरानं वारा घेत होती.

"तिच्या मालकाले बाजारात धाडा," ती डॉक्टरांना म्हणाली. "आन् तुमी बी जरा बाहेर जाऊन या."

डॉक्टर आपल्याच दवाखान्यातून निमूटपणे बाहेर पडले आणि समोर महादेवरावांच्या गठ्ठ्यापाशी जाऊन बसले. महादेवरावांनी त्यांना नवी लुगडी उलगडून दाखवायला घेतली. आत अनुसयाबाई बाकावर त्या बाईच्या शेजारी टेकली, आणि लेकरं किती आहेत, इथंपासून बोलायला तिनं सुरुवात केली.